पाहणे आणि पुन्हा पाहणे

१

साहित्यकृतीच्या चित्रपटीय रूपांतराची चर्चा सुरू झाली, की ‘निष्ठा’ हा शब्द फार लवकर येतो आणि फार उशिरापर्यंत रेंगाळतो. मूळ कादंबरीतले काय ठेवले, काय गाळले, शेवट का बदलला, या प्रश्नांची यादी तयार होते आणि यादी संपली की समीक्षा संपली असे मानले जाते. एकाच कादंबरीवर दोन चित्रपट निघालेले असले, तर ही यादी दुपटीने लांबते. दुसरा चित्रपट मग पहिल्याने केलेल्या चुकांची दुरुस्ती म्हणून पाहिला जातो, किंवा पहिल्याच्या यशावर जगणारे बांडगूळ म्हणून. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. निष्ठा ही प्रसंगांशी असते, असे ते गृहीतक आहे. ते तपासावयाचे तर त्यासाठी एक उदाहरण विलक्षण सोयीचे आहे आणि तितकेच अस्वस्थ करणारेही आहे.

टॉमस हॅरिस यांची ‘रेड ड्रॅगन’ ही कादंबरी १९८१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर मायकेल मान यांनी १९८६ साली ‘मॅनहंटर’ हा चित्रपट केला. त्याच कादंबरीवर ब्रेट रॅटनर यांचा ‘रेड ड्रॅगन’ २००२ साली आला. दोन्ही चित्रपटांचे छायालेखक एकच, दांते स्पिनोत्ती. दीनो दे लॉरेंतीस हे नावही दोन्ही निर्मितींशी जोडलेले आहे. म्हणजे कथा तीच, कॅमेऱ्यामागचा डोळाही तोच. आणि तरी दोन चित्रपट दोन वेगळ्या गोष्टी पाहतात. हा फरक कोठून येतो, हा येथला प्रश्न आहे.

पुनर्निर्मिती म्हणजे आपोआप ऱ्हास, अशी समजूत मराठी वाचकाला तरी शोभणारी नाही. कीर्तनातले आख्यान श्रोत्याला आधीपासून ठाऊक असते. बुवांनी ते आज कसे लावले, यासाठी तो बसलेला असतो. मोरोपंतांच्या नावावर परंपरेने एकशे आठ रामायणे सांगितली जातात. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण येऊ द्यायचे नाहीत, असा नियम कवीने स्वतःवर घालून घेतला आहे. कथा पूर्ण परिचित असल्यामुळेच तेथे लक्ष कथेवरून सांगण्यावर जाते, आणि जे गाळले आहे ते अर्थाचा भाग होते. पुन्हा सांगणे हा दोष नव्हे. पुन्हा सांगताना नवे काय दिसले आणि कोणती बंधने पत्करून दिसले, हे विचारावयाचे असते.

२

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. दोन वेगवेगळ्या शहरांतली दोन सुखवस्तू कुटुंबे पौर्णिमेच्या सुमारास रात्रीत संपवली जातात. खून करणारा फ्रान्सिस डॉलरहाइड हा सेंट लुइस येथील एका फिल्म-प्रयोगशाळेत काम करतो. लोकांनी घरी काढलेल्या हौशी चित्रफिती तेथे धुण्यासाठी येतात. त्या पाहून तो आपली कुटुंबे निवडतो. निवृत्त तपासनीस विल ग्रॅहम याला या खुन्याचा माग काढण्यासाठी परत बोलावले जाते. दुसऱ्याच्या मनात शिरून त्याच्यासारखे पाहता येणे, ही ग्रॅहमची देणगी आहे. तीच त्याची व्याधीही आहे. पूर्वी त्याने हॅनिबल लेक्टर या मनोविकारतज्ज्ञ खुन्याला पकडले, तेव्हा तो जवळजवळ प्राणाला मुकला होता.

या कथेच्या जवळजवळ प्रत्येक तपशिलात पाहण्याची क्रिया गुंतलेली आहे. खुनी मृतांच्या डोळ्यांत आरशाचे तुकडे बसवतो. मारलेल्या मुलांना तो भिंतीशी प्रेक्षकांसारखे बसवतो, जणू त्याचे कृत्य पाहिले गेल्याखेरीज पुरे होत नाही. विल्यम ब्लेकच्या लाल ड्रॅगनच्या चित्राने तो झपाटलेला आहे. त्या चित्रातले रूप आपण धारण करीत आहोत, अशी त्याची धारणा आहे. आणि तो ज्या एकाच व्यक्तीजवळ माणूस म्हणून वावरू शकतो ती रीबा अंध आहे. ती त्याच प्रयोगशाळेत डार्करूममध्ये काम करते, कारण जेथे डोळसांचे काही चालत नाही तेथे तिचे काही अडत नाही. पाहिले जाण्याची ज्याला दहशत आहे त्याला न पाहणारी व्यक्ती भेटावी, ही या कादंबरीतली खरी शोकात्म कल्पना आहे.

रहस्याची उकलही पाहण्यातूनच होते. ग्रॅहम मृत कुटुंबांच्या त्याच घरगुती चित्रफिती रात्ररात्र पुन:पुन्हा पाहतो. कुत्रा अंगणात धावतो आहे, बाई कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे, मुले पाण्यात उड्या मारीत आहेत. घराच्या कुलपाला साजेसे हत्यार खुन्याने आधीच का आणले असावे, हे कोडे सुटत नसते. एका क्षणी ग्रॅहमला उमगते, की ते कुलूप खुन्याने या चित्रफितीतच पाहिले होते. आपण आता जे पाहत आहोत तेच त्याने पाहिले. तपासनीस आणि खुनी एकाच पडद्यासमोर बसलेले असतात. आणि त्यांच्यामागे तिसरा कोणी बसलेला असतो.

३

ज्याच्या अनुभवावर हे विवेचन आधारलेले आहे तो तिसरा प्रेक्षक साहित्याचा अध्यापक आहे. त्याला या कृती कालक्रमाने भेटल्या नाहीत. त्याच्या पिढीतल्या अनेकांनाही त्या तशा भेटल्या नसाव्यात. त्याने आधी जोनाथन डेमी यांचा ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१) पाहिला. मग २००२ चा ‘रेड ड्रॅगन’, त्यानंतर कादंबरी, आणि ‘मॅनहंटर’ सर्वांत शेवटी, घरी, संगणकाच्या पडद्यावर, घरातली माणसे निजल्यावर. इतिहासाने ज्याला पहिला म्हटले तो त्याच्या लेखी चौथा होता. ‘मूळ’ आणि ‘अनुकृती’ यांचा क्रम प्रत्येक प्रेक्षकाच्या स्मृतीत निराळा लागतो, ही गोष्ट रूपांतराच्या सिद्धांतांत पुरेशी मोजली जात नाही.

त्या रात्री चित्रफिती पाहण्याच्या प्रसंगाशी त्याने चित्रपट थांबवला. त्याला बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवली होती. गावातल्या स्टुडिओने ती ‘मिक्सिंग’ करून द्यायला दोन महिने लावले होते. कॅसेट आणायला गेला तेव्हा दुकानातल्या मुलाने, ज्याला त्याने त्याआधी कधी पाहिलेले नव्हते, आपुलकीने विचारले होते, “आजींची तब्येत आता बरी आहे ना? पाठवणीच्या वेळी फार रडल्या त्या.” प्रश्न निर्मळ होता. तेव्हा तो ऐकून बरेच वाटले होते. आता इतक्या वर्षांनी त्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. घरातला कोणता माणूस कोठे बसतो, कोण कोणावर जीव टाकतो, माजघरातून मागच्या दाराकडे कसे जातात, हे एका अनोळखी मुलाला बारकाईने ठाऊक होते. ते त्याने सज्जनपणे जाणले होते, इतकेच.

रोल धुवायला टाकणारे प्रत्येक कुटुंब असा विश्वास टाकत आले. आज रोल राहिले नाहीत आणि कॅसेटीही राहिल्या नाहीत. छायाचित्रे मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने, न विचारता, दूरच्या कोठल्या तरी साठ्यांत जाऊन पडतात. तेथे ती कोण पाहतो, हे विचारण्यासाठी दुकानाचा उंबरठाही उरलेला नाही. हॅरिस यांनी १९८१ साली मांडलेली भीती त्या काळच्या यंत्रांपुरती नव्हती. आनंदाने स्वतःला दाखवणारा माणूस आणि त्याला पाहणारा अनोळखी यांच्यामधले नाते हा तिचा विषय होता.

४

आता दोन चित्रपटांचे प्रारंभ शेजारी ठेवून पाहावेत.

‘मॅनहंटर’ सुरू होतो तो अंधाऱ्या जिन्यावरून वर चढणाऱ्या उजेडाच्या झोताने. झोत मुलांच्या खोलीवरून सरकतो, शयनगृहात शिरतो, निजलेल्या स्त्रीवर स्थिरावतो. ती जागी होऊन उठते. हे कोण पाहते आहे, हे सांगितले जात नाही. प्रेक्षक आसनावर नीट बसण्यापूर्वीच त्याला खुन्याचे डोळे लावून दिलेले असतात. लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रपटाची नजर निष्पाप नसते, असे प्रतिपादन केले होते. मान यांनी त्या प्रतिपादनाचा जणू पहिला पुरावाच पडद्यावर ठेवला आहे. पुढे ग्रॅहम जेव्हा मृतांच्या चित्रफिती पाहू लागतो, तेव्हा त्याची नजर आणि ही आरंभीची नजर यांत फरक करणे कठीण जाते. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे पाहत तो खुन्याशी एकेरीत बोलतो. तो ‘तू’ कोण, हे त्या काचेत वेगळे करता येत नाही.

‘रेड ड्रॅगन’ सुरू होतो तो १९८० सालच्या बाल्टिमोरमध्ये, एका संगीताच्या मैफलीत. वाद्यवृंदातला एक वादक बेसूर वाजवतो. श्रोत्यांत बसलेल्या अँथनी हॉपकिन्स यांच्या चेहऱ्यावर सूक्ष्म वेदना उमटते. त्यानंतर लेक्टरच्या घरची मेजवानी येते, आणि प्रेक्षक मनातल्या मनात हसतो, कारण ताटात काय वाढले असावे हे त्याला १९९१ पासून ठाऊक आहे. येथे प्रेक्षक खुन्याच्या डोळ्यांत बसत नाही. तो एका प्रसिद्ध खुन्याकडे पाहतो. हा फरक पहिल्या काही मिनिटांत होतो आणि पुढच्या सगळ्या चित्रपटाचे भवितव्य ठरवून टाकतो.

टॉमस लीच यांनी १९९० साली रिमेकविषयी लिहिताना नवा चित्रपट, जुना चित्रपट आणि त्या दोहोंमागची साहित्यकृती असा एक त्रिकोण मांडला होता. काही रिमेक जुन्या चित्रपटाला जणू अस्तित्वच नाही असे मानून थेट साहित्यकृतीकडे परत जात असल्याचा दावा करतात, हे त्यांचे निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडावे असे वाटते. पण त्रिकोणाला येथे चौथा कोन आहे. २००२ चा चित्रपट १९८६ च्या चित्रपटाला वगळतो हे खरे. तो ज्याची पुनर्निर्मिती करतो तो चित्रपट मात्र १९९१ चा आहे. पटकथाकार टेड टॅली हे ‘सायलेन्स’चेही पटकथाकार होते. लेक्टरची कोठडी पुन्हा दगडी तळघरासारखी होते. मान यांनी तीच कोठडी पांढरीशुभ्र, प्रखर उजेडाची केली होती. तिच्या बाहेरच्या उताराच्या मार्गिकांसाठी अटलांटाच्या हाय म्यूझियम या आधुनिक कलासंग्रहालयाची वास्तू वापरली होती. ब्रायन कॉक्स यांचा लेक्टर, ज्याच्या आडनावाचे स्पेलिंगही त्या चित्रपटात निराळे आहे, मोजक्याच प्रसंगांत दिसतो आणि एखाद्या हुशार, कंटाळलेल्या प्राध्यापकासारखा बोलतो. त्याला भेटून ग्रॅहम अक्षरशः पळत सुटतो. तळघरापेक्षा पांढऱ्या भिंतींतून पळणे अधिक भयावह आहे, कारण तेथे अंधाराला दोष देता येत नाही.

या निवडींमागचा व्यवहारही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘मॅनहंटर’ तिकीटबारीवर पडला. ‘सायलेन्स’ला १९९२ च्या समारंभात पाच प्रमुख ऑस्कर मिळाले, २००१ साली ‘हॅनिबल’ने अफाट गल्ला जमवला. ‘रेड ड्रॅगन’ही जगभरात वीस कोटी डॉलरांहून अधिक मिळवून गेला. कादंबरीतले दुय्यम पात्र एव्हाना मालिकेचे दैवत झाले होते आणि दैवताला आरंभी व अंती स्थान देणे क्रमप्राप्तच होते.

५

येथवरचे विवेचन वाचून १९८६ च्या बाजूने निवाडा झाला असे कोणाला वाटेल. तसा निवाडा घाईचा ठरेल.

प्रसंगनिष्ठेच्या मापाने २००२ चा चित्रपट निर्विवाद वरचढ आहे, आणि त्या निष्ठेने काही गोष्टी खरोखरच परत मिळवल्या आहेत. डॉलरहाइड ब्रुकलिन संग्रहालयात जाऊन ब्लेकचे मूळ चित्र हाताने फाडून खातो, हा कादंबरीतला प्रसंग मान यांनी वगळला होता. रॅल्फ फाइन्स यांनी तो ज्या असहायतेने केला आहे, ती पाहून लक्षात येते की ज्या प्रतिमेने माणसाला गिळले तिला गिळूनच तो सुटू पाहतो आहे; आणि हे तो रीबाला वाचवण्यासाठी करतो आहे. पाहण्याच्या व्याधीवरचा हा शेवटचा, वेडा उपाय आहे. तो गाळल्यामुळे ‘मॅनहंटर’मधला खुनी अधिक गूढ झाला, पण त्याची लढाई प्रेक्षकाला दिसेनाशी झाली.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. कादंबरीत रीबा जळत्या घरातून स्वतः वाट काढून बाहेर येते आणि अखेरीस खुन्याला गोळी घालते ती ग्रॅहमची पत्नी मॉली. मान यांनी दोन्ही कृती पुरुषाकडे दिल्या. त्यांचा ग्रॅहम खिडकीची काच फोडून आत झेपावतो, रीबाला सोडवतो, खुन्याला मारतो. काच फोडणे हे प्रतीक म्हणून ठीक आहे, कारण पाहणारा अखेर पडदा भेदून कृतीत उतरतो. परंतु त्या प्रतीकाची किंमत दोन स्त्रियांनी मोजली आहे. रॅटनर यांचा चित्रपट पिस्तूल मॉलीच्या हाती परत देतो. मल्वी यांचा निबंध हाती घेऊन ‘मॅनहंटर’ची स्तुती करणाऱ्याने हेही नोंदवावयास हवे.

आणि तरीही काही हातचे निसटते. खुन्याचे बालपण, आजीचा आवाज, पाठीवरचा अवाढव्य गोंदलेला ड्रॅगन, हे सारे २००२ चा चित्रपट दाखवतो. आणि जे दाखवले गेले ते समजले, अशी प्रेक्षकाची समजूत करून देतो. मान यांनी गोंदणाची दृश्ये चित्रित केली होती, आणि मग काढून टाकली. त्यांच्या चित्रपटात ग्रॅहम इतकेच बोलतो, की या माणसाला लहानपणी ज्याने घडवले त्याचा विचार केला तर त्या मुलासाठी जीव तुटतो, आणि तरी आज तो जे करतो आहे त्यासाठी त्याला थांबवलेच पाहिजे. दोन्ही भावना एकाच माणसाच्या तोंडी, एका दमात येतात आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. कार्यकारणाची लांब साखळी दाखवून हे साधत नाही. निरोष्ठ रचनेत जसे वर्ज्य वर्णांचे अस्तित्व उच्चाराच्या अडखळीत जाणवत राहते, तसे येथे न दाखवलेले बालपण त्या वाक्यात जाणवते.

छायालेखक एकच असल्याने हा भेद अधिक स्पष्ट होतो. स्पिनोत्ती यांनी १९८६ साली शयनगृहांना गर्द निळा उजेड दिला, ज्यात प्रेमळ दांपत्याची रात्र आणि खुनाची रात्र एकाच रंगाच्या होतात. २००२ मध्ये त्यांचा उजेड उबदार, काळपट-तपकिरी, भूतकाळाचा आहे. पहिल्या चित्रपटासाठी ते दशक वर्तमान होते. दुसऱ्यासाठी ते नेपथ्य आहे. डोळा तोच होता. त्याला काय पाहायला सांगितले, ते बदलले होते. २०१५ साली ‘हॅनिबल’ या दूरदर्शन-मालिकेच्या तिसऱ्या पर्वाने हीच कथा तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा तिला आणखी एक, जवळजवळ स्वप्नासारखा रंग चढला. याचा अर्थ कथा संपलेली नाही. तिच्यातला प्रश्न कोणी ना कोणी पुन्हा विचारणार आहे.

६

प्रश्न असा, की भीषण गोष्ट पाहणाऱ्याचे काय होते? सीरियल किलरचे चित्रपट या प्रश्नाला बहुधा बगल देतात. खुनी असामान्य, तपासनीस असामान्य, आणि प्रेक्षक सुरक्षित, अशी त्यांची रचना असते. मृतांना या रचनेत जागा नसते. कथा सुरू होण्यापूर्वी मरण्याचे तेवढे काम त्यांच्याकडे असते. घरगुती चित्रफितींच्या प्रसंगात प्रेक्षक किंचित कंटाळतो, पुढे काही घडावे म्हणून अधीर होतो. आणि जे घडायचे आहे ते ठाऊक असूनही अधीर होतो. ही अधीरता त्याच्या ध्यानी आणून देणारा चित्रपट हा त्याच प्रसंगातून पुरावे घेऊन पुढे निघून जाणाऱ्या चित्रपटाहून वेगळ्या जातीचा असतो. संहितेशी निष्ठा असलीच, तर ती या वेगळेपणाशी असावयास हवी.

दोन्ही शेवट या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ‘रेड ड्रॅगन’च्या शेवटी लेक्टरला निरोप येतो, की एक तरुण स्त्री भेटीला आली आहे, आणि तो तिचे नाव विचारतो. प्रेक्षकाला नाव ठाऊक असते. चित्रपट अशा रीतीने १९९१ च्या दारात नेऊन सोडतो, आणि मेलेली दोन कुटुंबे त्या दाराच्या अलीकडे राहतात. ‘मॅनहंटर’च्या नंतर उपलब्ध झालेल्या दिग्दर्शकीय आवृत्तीत मात्र एक छोटा प्रसंग आहे. खुनी मारला गेल्यावर ग्रॅहम एका घरी जातो. ज्या कुटुंबाची चित्रफीत खुन्याने पुढच्या पौर्णिमेसाठी निवडली होती, त्यांचे ते घर. तो काही सांगत नाही, विचारतही नाही. त्यांना केवळ पाहण्यासाठी तो आलेला असतो. दारात जिवंत माणसे उभी असतात, जरा गोंधळलेली. तो त्यांना पाहतो आणि निघून जातो.